माझं स्वतःचं रिव्हॉल्वर

५ ऑक्टोबर, सोमवार

वारा दक्षिणेचा. पाऊस नाही.

माझा नवरा व्हर्लिन असता तर बियाण्याच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरवर आजच्या चौकटीत त्याने एवढंच लिहिलं असतं आणि पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली असती. मार्चपासून त्या चौकटी कोऱ्या आहेत. माझं म्हणणं चौकटीत मावत नाही, म्हणून ही वही आणली. शाळा मी नववीत सोडली. पुढचं सगळं ग्रंथालयाच्या गाडीतून माझ्या दाराशी आलं. सध्या दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या माणसांच्या दैनंदिन्या वाचते आहे. तेही आधी वारा लिहितात, मग कोण मेलं ते.

पलीकडच्या वळणावर हॉफमनांकडे चोर शिरले. भरदुपारी. डोरिस मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती आणि ते पुढच्या दाराने आत. करवत नेली, टीव्ही नेला, तिची गुडघेदुखीची औषधं नेली.

"टीव्हीचं काही नाही गं," ती मला पोस्टात म्हणाली, "पण मेल्यांनी रविवारसाठी केलेला केक खाल्ला. आणि सुरी धुऊन ठेवली! म्हणजे आईने काहीतरी शिकवलं असणार."

आम्ही दोघी हसलो. घरी आल्यावर मात्र मला हसू आलं नाही. आमच्या दाराला कुलूप कधी लावलंच नाही. आज किल्ली शोधली, ती सापडली नाही.

संध्याकाळी रोंडाचा विचिटाहून फोन. माझी मुलगी बातमी माझ्या आधी ऐकते. "आई, आता तरी इकडे ये. खोली तयार आहे." मी म्हटलं, चोरांच्या भीतीने घर सोडायचं तर मग घर त्यांनाच देऊन टाकते. "निदान बेसला तरी परत आण," म्हणाली. बेस आमची कुत्री. व्हर्लिननेच गेल्या हिवाळ्यात ती त्याच्या भावाला, ग्लेनला, देऊन टाकली. कोंबड्यांच्या मागे लागते म्हणाला. इतक्या वर्षांत कधी लागली नव्हती. आता ती ग्लेनला लळा लावून बसली आहे; कुठल्या तोंडाने परत मागू?

मला या घरातून हलायचं नाही. एवढं एकच मला नक्की माहीत आहे.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

ग्लेन पंप बघायला आला. पंप मला येतो. गेल्या हिवाळ्यात व्हर्लिनने मला पंप चालू करायला शिकवलं, जनरेटर शिकवला, फ्यूजच्या पेटीवर प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी चिकटवली. बर्फात बाहेर कामं नव्हती म्हणून असेल. नशीब माझं. पण ग्लेनला काहीतरी निमित्त लागतं. मी कॉफी ठेवली आणि सरळ विचारलं.

"ग्लेन, मला व्हर्लिनचं पिस्तूल हवंय."

"ते शेरिफकडे आहे अजून."

"मार्चपासून?"

"सरकारी काम. तुला माहीतच आहे."

"मग एखादी रायफल दे. मातीवरून घरी येऊन लोक जेवायला बसले नव्हते, तेवढ्यात तू त्याच्या सगळ्या बंदुका उचलून नेल्यास."

"खांद्याला धक्का बसतो, ट्वायला. तुला झेपायचं नाही."

"मला अडलेल्या गायींची वासरं ओढून काढणं झेपलं."

त्याने कॉफी संपवली. मग म्हणाला, "मी येत जाईन रात्री. सोफ्यावर झोपेन."

"आणि मर्ना काय म्हणेल? दीर भावजयीच्या सोफ्यावर! तिच्या भिशीला वर्षभराचा विषय झाला."

हसला नाही. मला वाटतं, त्याने बंदुका विकल्या असाव्यात आणि सांगायची लाज वाटते आहे. ग्लेन असा नव्हता. मरण आलं की नातेवाइकांचे खरे चेहरे दिसतात असं मी वाचलं होतं, आमच्या घरात मात्र ते दिसतील असं वाटलं नव्हतं.

इथे एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. व्हर्लिन मार्चमध्ये यंत्रांच्या शेडमध्ये पिस्तूल साफ करत बसला होता. एक गोळी आत राहिली होती. एरवी तो स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून साफ करायचा, पण त्या दिवशी टेबलावर माझी गोधडी पसरलेली होती आणि मी चर्चमध्ये बायकांबरोबर शिवायला गेले होते. म्हणून तिकडे गेला असेल. ज्या माणसाने तीस वर्षं या काउंटीतल्या पोरांना शिकारीच्या परवान्याआधी बंदूक कशी हाताळायची ते शिकवलं, ज्याने "रिकामी आहे असं कधी धरू नका, बघा" हे इतक्या वेळा म्हटलं की मी भांडी घासतानाही ते पुटपुटायची, तो माणूस बघायला विसरला.

लोक समजतात मी दुःखी आहे. दुःखी आहेच. पण मी त्याच्यावर रागावलेलीही आहे, आणि सकाळी उठते ती त्या रागावरच उठते.

१७ ऑक्टोबर, शनिवार

गेले एकदाची. बंदुकांचा बाजार जत्रेच्या मैदानावर होता, जनावरांच्या प्रदर्शनाच्या लांब शेडमध्ये. अजून मेंढ्यांचा वास येतो. दाराशी एक बाई हातावर शिक्का मारत होती.

"विकायला काय आणलंय, मॅडम?"

"काही नाही. घ्यायला आले आहे."

"नातवासाठी का?"

"माझ्यासाठी."

"अगंबाई!" म्हणाली आणि शिक्का उलटा मारला.

आत टेबलंच टेबलं. सुकवलेलं मांस, चाकू, जुनी पदकं, चर्चच्या बायकांचे कुकीज आणि त्यांच्या मधे बंदुका. काही पुरुष आपली बंदूक खांद्यावर टाकून, नळीत काडी खोचून, काडीला किमतीचा कागदी झेंडा लावून फिरतात, जणू स्वतःचीच मिरवणूक. इथे एकटी म्हातारी बाई आली म्हणजे नवऱ्याच्या मागे राहिलेल्या बंदुका विकायला आली, असं सगळे धरून चालतात. दहा पावलं चालले नाही तोच एक जण आडवा आला. "काय ठेवून गेलेत तुमचे मिस्टर? गाडीत आहे का? मी चांगला भाव देतो, त्या पलीकडच्याला दाखवू नका." पलीकडचाही आलाच. मी म्हटलं, माझ्या मिस्टरांनी गंजलेला नांगर ठेवलाय, घेता का?

एका पोरसवदा दुकानदाराने गुलाबी पिस्तूल पुढे केलं. "बायकांना हेच आवडतं."

"बाळा, मला गुलाबी रंग आतल्या कपड्यांतही आवडत नाही." त्याचे कान मात्र अगदी त्या रंगाचे झाले.

शेडच्या टोकाला एक म्हातारा जोडीने बसला होता. त्याच्या पँटला खांद्यावरचे पट्टे, बायको शेजारी लोकरीचं काहीतरी विणत होती. त्याच्या टेबलावर मला हवं ते होतं. साधं रिव्हॉल्वर, काळसर निळं, लाकडी मूठ. उचललं, चक्र बाजूला काढलं, एकेक भोक बघितलं, मग करंगळी घालून पुन्हा बघितलं.

"कुणी शिकवलं?" म्हातारा खूश झाला.

"शिकवलं नाही. तीस वर्षं ऐकलं. माझा नवरा पोरांना शिकवायचा."

"मग त्यांना नाही आणलंत?"

"वारला. मार्चमध्ये."

"अरेरे. आजारी होते?"

"नाही. पिस्तूल साफ करताना."

बायकोची सुई थांबली. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. म्हाताऱ्याने माझ्या हातातून रिव्हॉल्वर काढून घेतलं, हळूच, लहान मुलाच्या हातून कात्री काढून घ्यावी तसं.

"हे मी आज विकत नाही, मॅडम."

"किमतीची चिठ्ठी लावली आहे की!"

त्याने चिठ्ठी फाडली आणि खिशात घातली. "आता नाही."

इतका अपमान माझा कुणी केला नव्हता. पुरुषाने विचारलं असतं तर कागदात गुंडाळून दिलं असतं. त्याची बायको टेबलाला वळसा घालून माझ्या मागे आली, माझा दंड धरला. "चल, आपण कॉफी घेऊ. तुझ्याजवळ घरी कोण असतं?" मला क्षणभर वाटलं, ही त्या चोरांना बातमी पुरवते की काय! मी म्हटलं, मला कॉफी नको. ती तिथेच उभी राहिली, लोकर हातात, आणि मी वळून बघितलं तेव्हाही बघतच होती.

दोन रांगा सोडून एक तरुण उभा होता, एका हातात चीज ओतलेले चिप्स. तसंच रिव्हॉल्वर, मुठीला एक टवका गेलेला. मी कॅन्ससचीच आहे ना, एवढं लायसन्सवर बघितलं. बाकी एक शब्द विचारला नाही. किराण्याच्या पिशवीत घालून दिलं आणि वर "मजा करा" म्हणाला. दुकानदार असावा तर असा.

गाडीत ते शेजारच्या सीटवर ठेवलं होतं. थोडं अंतर गेल्यावर गाडी थांबवून मागे खाली ठेवलं. शेजारी कुणीतरी बसल्यासारखं वाटत होतं.

१८ ऑक्टोबर, रविवार

रोंडाला सांगायची चूक केली.

"आई, काहीही घे. कुत्रा घे, भोंगा बसव, भाडेकरू ठेव. पण ते नको."

"माझे हात थरथरतात असं वाटतं का तुला? गायी दुहलेले हात आहेत हे."

"तुझ्या हातांबद्दल नाही बोलत मी."

"मग कशाबद्दल?"

 मग एकदम, "तू जेवतेस ना? बसून जेवतेस की मोरीपाशी उभी राहून?" मी म्हटलं, टोमॅटोचं सँडविच उभ्यानेच बरं लागतं, रस सांडत नाही. ती रडायला लागली. टोमॅटोच्या सँडविचवरून रडतात का कुणी? माझी मुलगी शहरात राहून हळवी झाली आहे, आणि तिला मी म्हातारी वाटायला लागले आहे.

दुपारी ग्लेन हजर. तिनेच कळवलं असणार. "बघू दे तरी," म्हणाला. मी दाखवलं. त्याने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. परत देईना.

"का रे, हेही शेरिफला हवंय का?" मी म्हटलं.

त्याचा चेहरा असा झाला की मीच घाईने केक कापायला घेतला. जाताना म्हणाला, "रोज सकाळी फोन करेन. उचल." म्हटलं, कोंबड्यांच्या आधी नको.

२४ ऑक्टोबर, शनिवार

वर्ग सुरू झाला. शेजारच्या काउंटीत, नेमबाजीच्या क्लबच्या हॉलमध्ये. आमच्या काउंटीत व्हर्लिनच्या जागी कुणी आलेलं नाही. शिकवणारा कर्टिस नावाचा भला माणूस आहे, पोट थोडं मोठं, आवाज त्याहून मोठा. मी नाव नुसतं ट्वायला सांगितलं.

शेवटी त्याने सगळ्यांना शांत केलं. म्हणाला, "आता एक गोष्ट सांगतो, ती विसरू नका. पलीकडच्या काउंटीत एक जण होता. माझ्यासारखाच शिकवायचा, माझ्यापेक्षा जास्त वर्षं. राज्याचं प्रशस्तिपत्र होतं त्याच्याकडे. या वसंतात पिस्तूल साफ करायला बसला. एक गोळी. बघितलं नाही. एवढंच."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारा मूर्ख!" दोघेतिघे हसले.

कर्टिसने मान हलवली. "मूर्ख नव्हता. म्हणूनच सांगतो."

मी माझ्या हातांकडे बघत बसले. उठून म्हणायला हवं होतं की तो माझा नवरा. पण काय म्हणणार होते पुढे? ते मागचे जे म्हणाले, तेच मी मार्चपासून रोज मनात म्हणते आहे. माझ्या शेजारी आर्लीन नावाची एक बाई होती, माझ्याच वयाची, दिवसभर कुणाशी बोलली नव्हती. ती हसली नाही. तिने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली, बस्स.

येताना गाडीत मोठ्याने म्हटलं, "ऐकलंस का? तुझा धडा झालाय. तू आता धडा आहेस." मग रडले. मग पुन्हा रागावले. मग घर आलं.

३१ ऑक्टोबर, शनिवार

आज प्रत्यक्ष गोळी झाडली. पहिलीला डोळे मिटले. नंतर नाही मिटले. कर्टिस म्हणाला, "ट्वायला, तुमच्यापुढे चोराने यायचं म्हणजे त्याला मृत्युपत्र करून यावं लागेल." सगळे हसले, मीही. आर्लीनने टाळ्या वाजवल्या.

घरी येताना रस्त्यावरच्या हॉटेलात थांबले आणि तळलेली कोंबडी, कुस्करलेले बटाटे, मटार सगळं खाल्लं. बसून. मार्चपासून पहिल्यांदा भूक लागली होती. वाढणाऱ्या पोरीला उगाच सांगितलं, मी आज नेम धरायला शिकले.

उद्या रिव्हॉल्वर साफ करायचं. कर्टिसने बजावलं आहे, आत धूर बसला की तो लोखंड खातो.

१ नोव्हेंबर, रविवार

दुपार. चर्चहून आले, कपडे बदलले. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. रिव्हॉल्वर उघडलं, रिकामं केलं, बघितलं, पुन्हा बघितलं. गोळ्या उचलून कोठीच्या खोलीत नेऊन ठेवल्या, कारण व्हर्लिन तसंच करायचा. ज्या खोलीत साफ करायचं तिथे गोळी असता कामा नये.

कोठीत गेलेच होते तर म्हटलं, त्याचा साफसफाईचा डबाही घ्यावा. मासेमारीचा जुना हिरवा डबा आहे. त्यात ब्रश, सळ्या, चिंध्या, तेल. त्याच्याकडे तेवढा एकच. वरच्या फळीवर मागे असतो.

पुढे माझी मांस भरलेल्या बरण्या उकळायची मोठी हंडी आणि रिकाम्या बरण्यांचं खोकं होतं. ते खाली काढायलाच मला स्टुलावर दोनदा चढावं लागलं. हंडी लोखंडासारखी जड. फेब्रुवारीत आम्ही गोऱ्हा कापला, मी मांस भरलं, आणि मग व्हर्लिननेच हंडी वर चढवून दिली. "ट्वायला, ही पुढच्या वर्षी तूच काढ, माझी कंबर गेली," असं म्हणाला होता. त्यानंतर मी काही भरलं नाही. हंडी तिथेच होती. हंडी आणि भिंत यांच्यामध्ये कोळ्याने जाळं विणलं आहे, खालपासून वरपर्यंत, त्यावर धूळ. जाळ्याच्या मागे हिरवा डबा.

डबा त्याने काढलाच नव्हता.

डबा टेबलावर आणला. तेलाच्या बाटलीचं सील तसंच आहे, डिसेंबरात आणलेली नवी बाटली. चिंध्या धुऊन घडी करून ठेवलेल्या. मीच ठेवल्या होत्या.

डब्याशिवाय कुणी कसं साफ करेल?

मी मघापासून हेच वाक्य बघत बसले आहे. रिव्हॉल्वर टेबलावर आहे. गोळ्या कोठीत. मधे मी.

व्हर्लिन कधी बघायला विसरला नाही. आमच्या सगळ्या संसारात एकदाही नाही. दार लावलं का, शेगडी बंद आहे का, रिकामी आहे का. तो विसरला यावर मी विश्वास कसा ठेवला?

ग्लेनला फोन केला. "ये" म्हटलं. त्याने विचारलं काय झालं. म्हटलं, "आत्ता ये. मी फोन ठेवत नाही, तू येईपर्यंत मर्नाला माझ्याशी बोलू दे." मर्नाने मला भोपळ्याचं सूप कसं करायचं ते सांगितलं. दोनदा सांगितलं. मी "हं, हं" म्हणत होते.

२ नोव्हेंबर, सोमवार

काल जे झालं ते.

ग्लेन धावत आत आला. आधी टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग हिरव्या डब्याकडे. टोपी काढून खाली बसला.

"हा कोठीत होता," मी म्हटलं. "हंडीच्या मागे."

"नुसत्या चिंधीने पुसत असेल, ट्वायला."

"ग्लेन."

 पुरुष माणूस रडायला लागला की मला कुठे बघावं कळत नाही. मी त्याच्या टोपीकडे बघत होते.

मग त्याने सांगितलं. त्या सकाळी व्हर्लिनचा त्याला फोन आला होता. दहा वाजता ये, शेडमध्ये जरा काम आहे, ट्वायला चर्चमध्ये आहे. "तू बघू नयेस म्हणून त्याने मला बोलावलं," ग्लेन म्हणाला. "मला. मी ट्रेलर जोडून आलो होतो. वाटलं, काहीतरी हलवायचं असेल." व्हर्लिनने घड्याळ काढून टोपीत ठेवलं होतं आणि टोपी बाकावर. तेच घड्याळ ग्लेनने मला इस्पितळातून मिळालं म्हणून दिलं होतं.

साफसफाईची गोष्ट ग्लेन आणि शेरिफचा माणूस या दोघांनी अंगणात उभं राहून ठरवली, मी घरी पोचायच्या आत. पाद्रीसाहेबांना माहीत होतं. रोंडाला माहीत होतं. डोरिसला अंदाज होता. सगळ्या गावाने ती गोष्ट सांभाळली. घटना रचताना त्यांना सगळं सुचलं, डबा सुचला नाही.

"शेरिफकडे पिस्तूल नाही ना?"

"तळ्यात टाकलं मी. त्याच आठवड्यात. बाकीच्या सगळ्या माझ्या कोठारात कुलपात आहेत, एकही हलवलेली नाही. रोंडा म्हणाली, आईच्या हाताशी काही ठेवू नको."

आणि मी त्याला चोर समजत होते.

"तुम्ही त्याला मूर्ख केलंत, ग्लेन. त्या हॉलमध्ये लोक हसले त्याला. तीस वर्षांत त्याच्या हातून एक चूक झाली नाही, आणि तुम्ही त्याला मूर्ख केलंत."

"हो."

"त्याचंच एवढं एक होतं. त्याचा काटेकोरपणा. तेच काढून घेतलंत."

"मूर्खपणाने गेलेल्या माणसावर रागावता येतं, ट्वायला. मला वाटलं, तू रागावलीस तर जगशील. त्याला आता नावाचा काय उपयोग होता? तू उरली होतीस."

 तो राग होता तोवर हातात धरायला काहीतरी होतं. आता काही नाही. गेला हिवाळाभर तो मला पंप शिकवत होता, चिठ्ठ्या चिकटवत होता, कुत्री देऊन टाकत होता, आणि मी समोर बसून ध्रुवावरच्या माणसांची पुस्तकं वाचत होते. त्या परक्या माणसांना थंडी किती वाजत होती हे मला पानापानावर कळत होतं.

शेवटी मी रिव्हॉल्वर वर्तमानपत्रासकट त्याच्याकडे सरकवलं.

"घेऊन जा. गोळ्या कोठीत आहेत, त्याही ने."

"अगं, चोर..."

"चोरांसाठी नाही म्हणत. मी म्हणाले तरी परत देऊ नकोस. मी गोड बोलेन, भांडेन, मर्नाला मधे घालेन. देऊ नकोस."

"नाही देणार," तो म्हणाला. पण उठला नाही. सोफ्यावरच झोपला.

आज सकाळी रोंडाला फोन केला. म्हटलं, खोली अजून आहे का? वसंतापर्यंत येते. ती विचारत राहिली, काय झालं, आई, काय झालं. मी म्हटलं, तुला माहीत आहे काय झालं. मग आम्ही दोघी नुसता फोन धरून होतो. या घरातून हलायचं नव्हतं मला.

७ नोव्हेंबर, शनिवार

विचिटाला उद्या जायचं आहे. तरी आज वर्गाला गेले. शेवटचा दिवस होता.

"तुमचं रिव्हॉल्वर, ट्वायला?" कर्टिसने विचारलं.

"दिरापाशी आहे. तिथेच राहील. मला दोन मिनिटं बोलायचं आहे."

उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली.

"तुम्ही ज्या माणसाची गोष्ट सांगितलीत तो माझा नवरा. त्याचं नाव व्हर्लिन टेटम. तो बघायला विसरला नव्हता. तो कधीच विसरत नसे. त्या दिवशी तो काहीही साफ करत नव्हता." पुढचं वाक्य घरी पाठ केलं होतं, ते आलं नाही. म्हणून म्हटलं, "तेव्हा त्याला तो धडा करू नका. त्याला तो धडा येत होता."

 मागचा तो माणूस, जो मूर्ख म्हणाला होता, त्याने बुटाकडे बघितलं. कर्टिस टोपी काढून उभा राहिला. "मी पुन्हा नाही सांगणार, मॅडम," म्हणाला. मग हळू आवाजात, "किंवा सांगेन, पण खरी. तुम्ही हो म्हटलंत तर." मी म्हटलं, विचार करते. अजून करते आहे.

बाहेर आले तर आर्लीन माझ्या मागे. खडीवरून तिच्या बुटांचा आवाज येत होता. माझ्या गाडीपाशी थांबली, दाराला हात लावला आणि म्हणाली, "आमच्याकडे ट्रॅक्टर उलटला."

मला आधी कळलं नाही. मग कळलं, आमच्या घरी पिस्तूल साफ करणं, तसा त्यांच्या घरी ट्रॅक्टर.

"कोण?"

"भाऊ. मोठा."

"नाव काय त्याचं?"

तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ते नाव तिच्या घरात कुणी घेत नसणार. "लॉयल," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "लॉयल. शीळ घालायचा. इतकी वाईट घालायचा की गायी दूध चोरायच्या." आणि हसली, आणि तोंडावर हात ठेवला.

वारा सुटला होता. आम्ही तिच्या ट्रकमध्ये जाऊन बसलो. लॉयलबद्दल तिने बरंच सांगितलं, मी ऐकलं. मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुझा? कसा होता?"

मी म्हटलं, "त्याला..." आणि पुढचा शब्द आला नाही. पुन्हा म्हटलं, "त्याला..."

आर्लीनने हीटर थोडा वाढवला आणि वाट बघत बसली.